अळीने खाल्लेलं टोमॅटोच्या झाडाला कळतं का? कळत असेल तर ते करतं काय?

कुंडीतला_कारभार
नमस्कार मंडळी, प्रश्न थोडा येडपट वाटेल पण गेल्या आठवड्यात तीन रात्री टॉर्च घेऊन टोमॅटोच्या कुंडीपाशी बसलोय, तेव्हा आता विचारूनच टाकतो. एक हिरवी अळी आहे, बोटाच्या पेराहून जरा लहान. पहिल्या रात्री तिने खालच्या एका पानाचा अर्धा भाग साफ केला, मधली शीर तेवढी ठेवली. मला वाटलं उद्या उरलेलं अर्धं संपवेल. दुसऱ्या रात्री बघतो तर बाई त्या पानावर नाहीच, वरच्या फांदीवर, आणि तिथेही चार-पाच घास खाऊन पुढे. तिसऱ्या रात्री तर नुसती फिरत होती, इथे एक भोक तिथे एक भोक. पान तसंच ताजं दिसतंय, मग अर्धं ताट टाकून उठली का?

एका मित्राचं म्हणणं, झाडाला कळतं आणि ते पानात विष भरतं. दुसऱ्याने फॉरवर्ड पाठवलाय की झाडं किंचाळतात आणि एकमेकांशी बोलतात. यात खरं किती आणि फेकाफेकी किती ते मला हवंय. आणि अजून एक, मी कात्रीने पान छाटतो तेव्हाही झाडाला तेच वाटतं का? अळी आणि कात्री यातला फरक त्याला कळणार कसा, डोळे ना नाक.

पानशिरा
तुमचा पहिला मित्र बराचसा बरोबर आहे, दुसऱ्याकडे नंतर येते. (वनस्पतीशास्त्र शिकवते त्यामुळे पोस्ट लांबणार, आधीच सांगून ठेवते.)

नेमकी टोमॅटोचीच गोष्ट आहे. १९७२ साली अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत टेरी ग्रीन आणि क्लॅरेन्स रायन यांनी टोमॅटो-बटाट्याच्या झाडांवर कोलोरॅडो भुंगे आणि त्यांच्या अळ्या सोडल्या आणि मग पानं तपासली. खाल्लेल्या पानाचं सोडाच, ज्या पानांना भुंग्याने तोंडही लावलं नव्हतं त्यांच्यातसुद्धा एक प्रोटीन भराभर साठत होतं. याला विष म्हणणं जरा चुकीचं होईल. ते किड्याच्या पोटात जातं आणि तिथले प्रोटीन पचवणारे एन्झाइम धरून ठेवतं, सोडतच नाही. अळी खाते, पोटही भरतं, पण खाल्लेलं अंगी लागत नाही. वाढ रखडते, कात टाकायला उशीर होतो. जेवढे दिवस ती लहान राहते तेवढे दिवस तिला कुणीतरी उचलून नेण्याची शक्यता जास्त. झाडाचा सगळा डाव या उशिरावर आहे, मारण्यावर नाही, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तुमची अळी ताट टाकून उठली ती यामुळेच अशी शपथ मी घेणार नाही, एका अळीवरून काही सांगता येत नाही. पण बचाव जागा झालेल्या झाडावर अळ्या थोडं खातात आणि जास्त फिरतात हे प्रयोगांत दिसलेलं आहे.

आता खालच्या पानाचा निरोप वरच्या पानाला जातो कसा. झाडाला नसा नाहीत पण शिरा आहेत. पान चावलं गेलं की फुटलेल्या पेशींतून ग्लुटामेट बाहेर सांडतं (तेच, जे आपल्या मेंदूत एका पेशीकडून दुसरीकडे निरोप नेतं), शेजारच्या पेशींवर ते ओळखणारी दारं असतात, ती उघडतात आणि कॅल्शियमची एक लाट शिरेशिरेने पुढे सरकते. २०१८ साली विस्कॉन्सिन-मॅडिसन युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी याचा चक्क व्हिडिओ काढला. मोहरीच्या कुळातलं अरॅबिडॉप्सिस नावाचं छोटंसं रोप घेतलं, त्यात कॅल्शियम वाढलं की चमकणारं प्रोटीन घातलं आणि त्यावर अळी सोडली. अळी पान कुरतडते, कुरतडलेली जागा लख्ख होते आणि मग ती चमक सेकंदाला साधारण एक मिलिमीटर या चालीने देठात, देठातून मध्यावर, मध्यावरून दुसऱ्या पानात. दोनेक मिनिटांत पोचते. नक्की बघा, मी वर्गात दाखवते तेव्हा शेवटच्या बाकावरचे पण मान वर करतात.

लाट पोचली की त्या पानात जास्मोनिक ॲसिडचं कुटुंब तयार व्हायला लागतं, हे झाडाचं हार्मोन. एरवी बचावाच्या जीन्सवर काही प्रोटीनं झाकण घालून बसलेली असतात, हे हार्मोन आलं की झाकणं मोडीत निघतात आणि काम सुरू.

कात्रीच्या प्रश्नाचं उत्तर मला स्वतःला फार आवडतं. कात्रीनेही झाड जागं होतं, पेशी फुटल्या की ग्लुटामेट सांडणारच, आणि टोमॅटोत नुसत्या जखमेनेही ते पचन अडवणारं प्रोटीन वाढतं. पण अळी नुसती कापत नाही, कापलेल्या कडेला तिची लाळ आणि पोटातलं थोडं ओकलेलं लागतं. चवळी घ्या. पानाच्या हरितलवकात ऊर्जा तयार करणारं एटीपी सिंथेज नावाचं प्रोटीन असतं. लष्करी अळी पान खाते तेव्हा ते पोटात जाऊन त्याचे तुकडे पडतात, आणि त्यातला एक, अवघ्या ११ अमिनो ॲसिडांचा, पुढच्या घासाला परत जखमेवर येतो. चवळी तो ओळखते. इन्सेप्टिन नाव आहे त्याचं, २००६ ला सापडला आणि तो ओळखणारा पेशीवरचा रिसेप्टर २०२० ला. म्हणजे चवळी अळीला ओळखतच नाही, अळीने चावून परत दिलेल्या स्वतःला ओळखते. कात्रीला पोट नाही, तिला हे जमणार कसं.

बांधावरचा
ताई, वाचायला भारी आहे पण एक सांगा. झाड एवढं हुशार तर मग अळी जगते कशी? एका हंगामात माझा कोबी चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळीने असा खाल्ला की पानांची जाळी राहिली, लांबून बघितलं तर शेतात मच्छरदाण्या वाळत घातल्यात असं वाटावं. त्या कोबीने कॅल्शियमची लाट सोडली नसेल का? बरं स्प्रे मारले नाहीत असंही नाही, दर आठवड्याला एक होता, सांगणाऱ्याने सांगितला त्याच्यापेक्षा एखादा जास्तच.

मला जे डोळ्याला दिसतं ते पटतं. कपाशीच्या ज्या वाणाच्या पानावर लव जास्त त्याला तुडतुडे कमी लागतात हे बघितलंय. हरभऱ्याला आंब असते, सकाळी दवात शेतातून चाललं की पायाला चरचरतं, अळीला पण चरचरत असणार हे समजतं. पण हे आतल्या आत निरोप जातात आणि झाड डाव टाकतं वगैरे ऐकलं की वाटतं माणसाने आपल्या डोक्यातलं झाडाच्या डोक्यात घातलंय.

सोंडकिडा
बांधावरचे दादा, शेवटचं वाक्य सोन्यासारखं बोललात. झाडाला डोकं नाही, डाव टाकायचा विचार ते करत नाही, आपण बोलायच्या सोयीने तसं म्हणतो. तिखट लागलं की नाक गळतं तेव्हा नाक विचार करतं का, तसंच.

बाकी लव आणि आंब म्हणजे आधीच बांधून ठेवलेली भिंत, कुणी येवो न येवो ती उभीच असते. पानशिराताई सांगतायत ती हाक मारल्यावर धावून येणारी माणसं. पिकाला दोन्ही असतात. हरभऱ्याच्या आंबेत मॅलिक आणि ऑक्झॅलिक ॲसिड असतं, त्यातलं ऑक्झॅलिक घाटे अळीची वाढ खुंटवतं हे तपासलेलं आहे, तुमच्या पायाला कळलं ते बरोबर होतं. कपाशीच्या पानात आणि सरकीत काळे ठिपके दिसतात त्या गॉसिपॉलच्या ग्रंथी, तीही भिंतच. कोवळ्या ज्वारीत धुरिन असतं, पान चावलं की त्यातून सायनाइड सुटतं. कोवळ्या ज्वारीवर गुरं सोडायची नाहीत ते याचसाठी. आता लव घ्या, तिने तुडतुडे अडतात खरे पण लव असलेल्या पानावर पांढरी माशी मजेत अंडी घालते. एकाला अडवायला कुंपण घातलं तर दुसऱ्याला घर मिळतं. फुकट काहीच नाही इथे.

तुमच्या कोबीबद्दल. कोबी, मोहरी, मुळा हे सगळे दोन डब्यांत माल ठेवतात. एका जागी ग्लुकोसिनोलेट, एकटं असेल तर फारसं काही न करणारं. दुसऱ्या पेशीत मायरोसिनेज नावाचं एन्झाइम. अळीने चावलं की दोन्ही डबे फुटतात, मिसळतात आणि तिखट झणका तयार होतो, मोहरी चावल्यावर नाकात जातो तोच. बहुतेक किड्यांना हे झेपत नाही. पण तुमच्या पतंगाच्या अळीच्या पोटात एक एन्झाइम आहे, ते मायरोसिनेजच्या आधी ग्लुकोसिनोलेटवर जाऊन त्याचा सल्फेटचा तुकडा उडवतं. वात काढून घेतलेला फटाका, वाजणार कसा? हे २००२ ला उलगडलं. आणि वर कडी म्हणजे याच कुळाच्या वासावरून मादी पतंग कोबी शोधते आणि अंडी घालते. चोराला भीती घालायला लावलेली पाटी चोरालाच पत्ता सांगते.

म्हणजे तुमच्या कोबीने लाट सोडलीच असणार. समोरचा किडा कोबीवरच हजारो पिढ्या जगलेला आहे, त्याला कोबीची सगळी कुलपं पाठ. असा किडा नसता तर त्याच कोबीवर अजून किती जण आले असते ते आपल्याला दिसत नाही, कारण ते आलेच नाहीत.

ताईंनी चवळीचं सांगितलं त्याला पण उतारा आहे बरं का. शेंगवर्गीय पिकांवरच जगणारी एक अळी आहे, तिच्या पोटात तोच तुकडा तयार होतो पण शेवटचं एक अमिनो ॲसिड उडवलेलं. हा आखूड तुकडा चवळीला जागं करत नाही, उलट खरा तुकडा आला तरी त्याच्या आड येतो. एका अमिनो ॲसिडचा फरक!

कुंडीतला_कारभार
बापरे. मी एका अळीबद्दल विचारलं आणि इथे महाभारत निघालं, पण मजा येतेय. माझ्या दुसऱ्या कुंडीतल्या टोमॅटोवर पांढरी माशी आहे, पान हललं की भुरकन उडते. ती तर काही चावत नाही, मग झाडाला तिचा पत्ता लागतो का?

सोंडकिडा
लागतो, पण गोंधळलेला. मावा, पांढरी माशी ही मंडळी चावत नाहीत, सुईसारखी सोंड पेशींच्या मधून मधून सरकवत थेट रसवाहिनीपर्यंत नेतात आणि तिथे बसून पितात. पेशी फारशा फुटत नाहीत त्यामुळे अळीसारखा आरडाओरडा होत नाही. आणि जे थोडं कळतं ते झाडाला रोगजंतू आल्यासारखं वाटतं.

झाडात ढोबळमानाने दोन खाती आहेत असं समजा. चावणाऱ्यांसाठी जास्मोनिक ॲसिड, बुरशी-जिवाणू-विषाणूंसाठी बहुतेक वेळा सॅलिसिलिक ॲसिड. अडचण अशी की दोन्हींचं पटत नाही, एक वर आलं की दुसरं दबतं. पांढरी माशी सॅलिसिलिकवालं खातं चालू करून देते, जास्मोनिकवालं मंदावतं, आणि पांढऱ्या माशीच्या पिल्लांना खरा त्रास देणारं खातं नेमकं तेच मंदावलेलं. म्हणजे दरोडा एकीकडे आणि पोलीस पाठवले दुसरीकडे.

यापुढचं तर अजून भारी. २०१९ ला टोमॅटोवरच दिसलं की पांढरी माशी लागलेल्या झाडातून जो वास सुटतो तो शेजारच्या निरोगी टोमॅटोलाही चुकीच्याच खात्याकडे वळवतो, म्हणजे माशी यायच्या आधीच शेजारी कमजोर. झाडं एकमेकांना मदत करतात वगैरे फॉरवर्डमध्ये हे कोणी लिहीत नाही. आणि २०२१ ला चीनमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की पांढऱ्या माशीच्या अंगात एक जीन मुळात वनस्पतीची आहे. कधीतरी फार पूर्वी तिच्याकडे आली आणि आता झाडाचीच विषारी द्रव्यं निकामी करायला तीच वापरते. घरची किल्ली चोरून घरात शिरण्याचा प्रकार.

मोगरा_मंद
पहिल्यांदाच लिहितेय इथे, चुकलं तर सांभाळून घ्या. जास्मोनिक ॲसिड हेच जर मुख्य बटण असेल तर ते आपणच फवारलं तर? अळी यायच्या आधीच झाड तयार. असं कुणी करत नाही का?

पानशिरा
मोगराताई, चांगला प्रश्न आहे आणि तुमच्या नावाला शोभणारापण, कारण जास्मोनेट पहिल्यांदा १९६२ मध्ये जाईच्या सुगंधी तेलात सापडलं, नावही तिथूनच आलं.

करून बघितलंय लोकांनी. १९९९ मध्ये टोमॅटोच्या शेतात जास्मोनिक ॲसिड फवारलं तेव्हा तिथल्या अळ्यांवर परजीवी गांधीलमाश्यांचं (या अळीच्या अंगात अंडी घालतात) प्रमाण दुपटीच्या आसपास गेलं. २०१७ मध्ये तर विस्कॉन्सिनच्याच लोकांनी टोमॅटोवर मिथाइल जास्मोनेट (जास्मोनिक ॲसिडच्याच कुटुंबातलं, हवेत उडणारं) फवारून त्यावर अळ्या सोडल्या, आणि पान इतकं बेचव झालं की अळ्या लवकर एकमेकींनाच खायला लागल्या. हो, खरंच. ज्यांना हे वाचून जेवण जाणार नाही त्यांनी सविस्तर वाचा.

पण रोज उठून फवारायचं म्हटलं तर झाड सतत लढाईच्या तयारीत राहतं आणि वाढ मंदावते. प्रोटीन करायला नायट्रोजन लागतो, तोच नायट्रोजन नवीन पानाला आणि फळालाही हवा असतो. तंबाखूमध्ये हे फार स्पष्ट दिसतं, निकोटिन मुळात तयार होऊन पाण्याबरोबर पानात चढतं आणि त्याच्या प्रत्येक रेणूत दोन नायट्रोजन अडकलेले. म्हणूनच तर झाड अळी यायची वाट बघतं, आधीपासून सगळं भरून ठेवत नाही. घरी कुंडीत कुणी प्रयोग करणार असेल तर माझा सल्ला, नको. किती फवारायचं, कोणत्या वयाच्या रोपावर, हे चुकलं तर टोमॅटोची पाच-सहा फळं आणि भरपूर कडू पानं असा हिशेब व्हायचा.

आता किंचाळण्याचं. २०२३ मध्ये तेल अवीवच्या शास्त्रज्ञांचा पेपर आला त्यावरून हे फॉरवर्ड सुटले. टोमॅटो आणि तंबाखूला पाणी दिलं नाही किंवा खोड कापलं तर त्यातून तासाला ३० ते ५० टिकटिक आवाज येतात, आपल्या कानाच्या पलीकडच्या पट्टीतले. बहुधा खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत हवेचे बुडबुडे फुटत असावेत. वाळणाऱ्या लाकडाची करकर ती, तिला किंकाळी म्हणायचं असेल तर जुन्या दाराच्या बिजागरीलाही म्हणा. आणि अळीच्या खाण्याशी त्या प्रयोगाचा संबंधच नव्हता.

अळीच्या आवाजाचा खरा प्रयोग २०१४ चा, मिसूरी युनिव्हर्सिटीतला. तिथे अळी पान खाते तेव्हा पानाला बसणारे बारीकसे हादरे लेसरने मोजले, मग अळी न ठेवता तेच हादरे दुसऱ्या रोपाच्या पानाला दिले. नंतर खरी अळी सोडली तर आधी हादरे बसलेल्या रोपांनी जास्त ग्लुकोसिनोलेट बनवली. वाऱ्याचे हादरे दिले तर काही नाही, तुडतुड्याच्या गाण्याचे दिले तरी काही नाही. (तुडतुडे गातात. पानावर पाय रोवून अंग थरथरवतात आणि मादीला ते पानातून कळतं. हा विषय वेगळाच, कधीतरी लिहीन.) म्हणजे कान नसून रोपाला चावण्याची लय वेगळी कळते.

बांधावरचा
लेसरचं वाचून जरा पाघळलो. पण बोलण्याचं राहिलं की. शेजारच्या झाडाला वास जातो म्हणालात, खरंच जातो का तेही वाऱ्यावर सोडलंय?

पानशिरा
वास जातो हे नक्की. १९९० मध्ये फार्मर आणि रायन यांनी (हे रायन म्हणजे १९७२ चेच) एका बंद पेटीत टोमॅटोची रोपं आणि सेजब्रश नावाच्या रानटी झुडपाच्या फांद्या एकत्र ठेवल्या. ते झुडूप मिथाइल जास्मोनेट हवेत सोडतं. टोमॅटोला कुणी हात लावला नव्हता तरी पानात ते पचन अडवणारं प्रोटीन वाढलं. पण बंद पेटी आणि मोकळं शेत यात फरक आहे, वाऱ्यात वास पातळ होतो, त्यामुळे मोकळ्या शेतात हे शेजारीपाजारी किती लांब चालतं यावर मी फार छाती ठोकून बोलणार नाही. झाड शेजाऱ्याला सावध करतंय असंही नाही म्हणणार, वास एकाचा सुटतो आणि दुसरा तो हेरतो, एवढंच. बऱ्याचदा तो वास त्याच झाडाच्या दुसऱ्या फांदीसाठी असतो, कारण शिरेने फिरून जायला लांब पडतं आणि हवेतून जवळ.

माझ्या मते या वासाचा मोठा श्रोता वेगळाच आहे. त्याच १९९० साली टर्लिंग्ज, टमलिन्सन आणि लुईस यांनी मक्याच्या रोपांवर लष्करी अळीच्या जातभाईला सोडलं. काही तासांनी रोपातून एक वेगळाच वास सुटायला लागला आणि त्यामागे एक चिमुकली परजीवी गांधीलमाशी आली, जी अळीच्या अंगात अंडं घालते. नुसतं पान कापलं तर तो वास जेमतेम. कापून त्यावर अळीच्या तोंडातलं पाणी लावलं तर पुन्हा भरपूर. १९९७ मध्ये त्या लाळेतलं नेमकं द्रव्य हाती लागलं, व्हॉलिसिटिन. आधी म्हटलं होतं ना, झाडाचा डाव उशिराचा आहे. पान पचत नाही म्हणून अळी लहान राहते, लहान आहे म्हणून माशीला सोपी पडते, आणि वासामुळे माशीला ती सापडते. अंडं एकदा आत गेलं की पिल्लू अळीला आतून खात वाढतं.

(आणि त्या माशीच्या पिल्लांवर जगणारी अजून एक माशी आहे, तीही झाडाच्या वासावरूनच येते. हे झाडाच्या कामाचं नाही, उलट नुकसानच. वास एकदा हवेत गेला की कुणी ऐकावा ते झाडाच्या हातात राहत नाही.)

बांधावरचा
थांबा थांबा. म्हणजे मी दर आठवड्याला फवारत होतो तेव्हा ती माशी पण मरत होती?

सोंडकिडा
अळीच्या आधी. अळी पानाच्या मागे, जाळीत लपलेली असते आणि तिने कोबीच्या विषाशी झुंजून झुंजून विष पचवायची यंत्रणा तयार ठेवलेली असते. चौकोनी ठिपक्यांचा पतंग तर कीटकनाशकांना दाद न देण्यात जगात कुप्रसिद्ध आहे. माशी मात्र उघड्यावर, पानापानावर चालत शोधणारी, नाजूक. फवारा तिलाच आधी लागतो.

भाताच्या तपकिरी तुडतुड्याने हेच मोठ्या प्रमाणावर शिकवलं. फवारण्या वाढल्या तसे कोळी, मिरिड ढेकूण असे शत्रू मेले आणि तुडतुडा उलट फोफावला, शेवटी इंडोनेशिया सरकारने १९८६ मध्ये भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर वाटेल वाण बदलला की झालं. त्याच तुडतुड्यासाठी १९७३ मध्ये आय-आर २६ हा भाताचा वाण आला, त्यात प्रतिकाराची एक जीन होती. दोन-तीन वर्षांत तुडतुड्याने तिच्यावर मात केली. एकच कुलूप सगळ्या शेतांना, मग किल्ली एकदा सापडली की सगळीच घरं उघडी.

आणि आपण वाण निवडताना काय घालवलं तेही बघण्यासारखं आहे. मक्याच्या मुळांना भुंग्याची अळी लागली की काही वाणांची मुळं जमिनीत एक वास सोडतात, त्या वासावर बारीक सूत्रकृमी येऊन अळीला मारतात. स्वित्झर्लंडच्या नोशातेल युनिव्हर्सिटीतून २००५ ला हे पुढे आलं. अमेरिकेतल्या बहुतेक वाणांत हा वास नाहीसाच झालाय. कुणी मुद्दाम काढला नाही, कणसाकडे बघत निवडत गेलो, मुळाकडे कोण बघतो. पुढे २००९ ला ओरेगॅनोची जीन घालून तो वास परत आणला तर मुळांचं नुकसान कमी झालं.

बांधावरचा
बरं. पुढच्या हंगामात कोबीचे दोन वाफे न फवारता ठेवून बघतो, गेले तर दोनच जातील. घरात काय सांगायचं ते मात्र तुम्हीच सुचवा.

कुंडीतला_कारभार
सगळ्यांना धन्यवाद, पण आता ताजी खबर. आज सकाळी ती अळी सापडली, वरून तिसऱ्या पानाच्या मागे. हलत नाहीये, काडी लावली तर डोकं थोडं उचलते बस्स. आणि तिच्या पोटाला खेटून तांदळाच्या दाण्याहून लहान, फिका पांढरा, रेशमी असा एक कोष आहे. अळीने घातलेलं अंडं म्हणायचं तर अळी अंडं कुठे घालते? काढून टाकू का?

पानशिरा
काढू नका!! हात पण लावू नका, त्या पानाला पाण्याचा फवारासुद्धा नको. फोटोशिवाय जात सांगता येणार नाही, पण वर्णनावरून हा परजीवी गांधीलमाशीचाच कोष. पिल्लू अळीच्या अंगातून बाहेर पडलंय आणि तिच्याच शेजारी कोष विणून बसलंय. अळी आता काही खाणार नाही, दोन-चार दिवसांत मरेल.

आणि मला माझं पहिलं उत्तर अर्धं मागे घ्यावं लागणार. अंडं घातल्यापासून पिल्लू बाहेर यायला साधारण आठवडा तरी लागतो, म्हणजे तुम्ही टॉर्च घेऊन बसला होतात तेव्हा ते बहुतेक आतच होतं. असं पिल्लू अंगात असलेली अळी कमी खाते आणि वेगळी वागते. तेव्हा ती ताट टाकून उठली ते पान बेचव झालं म्हणून की पोटात पाहुणा होता म्हणून, हे आता सांगता येणार नाही. दोन्ही असेल. माशी तुमच्या टोमॅटोच्या वासावर आली का सहज उडत आली, तेही नाही सांगता यायचं.

सोंडकिडा
कोषाचं एक टोक बघत राहा, माशी टोपण उघडल्यासारखं गोल कापून बाहेर येते. मुंगीएवढी असेल, पटकन निसटते.

कुंडीतला_कारभार
पाच दिवसांनी अपडेट. टोपण उघडं, कोष रिकामा, अळी शेजारी वाळून चिकटलेली. माशी काही दिसली नाही, चार रात्री जागलो आणि पाचव्या पहाटे नेमका डोळा लागला.